‘मुळे’ हा शब्द जरा जपून वापरा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर तुम्ही ‘मोबाईलमुळे मुलं होतायत उदास, संशोधनात सिद्ध’ अशी मोठी बातमी दिलीत, ती वाचून हे पत्र लिहायला बसलेय. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि तुमचा पेपरही तितकीच वर्षं घेतेय, म्हणून हक्कानं लिहिते. बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझी तक्रार त्या मथळ्यातल्या दोन अक्षरांबद्दल आहे. ‘मुळे’.

बातमीत किती मुलांचा अभ्यास होता ते नाही, ती मुलं कुठली, किती वयाची तेही नाही. पार खाली एक ओळ आहे की मुलांकडून एकदाच फॉर्म भरून घेतले, रोज मोबाईल किती वेळ बघता आणि गेल्या महिन्यात किती वेळा उदास वाटलं असं त्यात विचारलं, आणि जी मुलं मोबाईल जास्त बघतात त्यांनी उदास वाटल्याचंही जास्त लिहिलं. बस, एवढंच. म्हणजे दोन आकडे बरोबरीनं वाढताना दिसले, आमच्या पुस्तकात याला सहसंबंध म्हणतात. यातनं मोबाईल‘मुळे’ कुठून आलं?

सोमवारी एका मुलीनं तेच कात्रण वर्गात आणलं. आमचा नेमका संशोधन पद्धतींचा धडा चालू आहे, ज्या धड्याला मुलं वैतागतात, ऑप्शनला टाकतात, कारण त्यांना फ्रॉइड हवा असतो, स्वप्नं हवी असतात आणि इथे काय तर चल, नमुना, नियंत्रित गट. मी ते कात्रण वाचून दाखवलं आणि विचारलं, पटतं का? बहुतेकांनी माना डोलावल्या. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “मॅडम, पण उलटं असलं तर? मला बरं वाटत नसलं ना की मी मोबाईल घेते. मोबाईल घेतल्यानं तसं होत नाही.” वर्ग एकदम शांत झाला. मग एक मुलगा म्हणाला की त्याच्याकडे आईवडिलांचं वाजलं की तो खोलीत जाऊन मोबाईल बघत बसतो, उदासही त्यानंच असतो आणि मोबाईलही त्यानंच हातात असतो. दोघांनी पाच मिनिटांत तो मुद्दा काढला जो तुमच्या अख्ख्या बातमीत नव्हता. अ मुळे ब होत असेल, ब मुळे अ होत असेल, नाहीतर तिसरंच काहीतरी दोघांच्या मागे असेल, आणि एकदा भरलेल्या फॉर्मवरून यातलं कुठलं खरं ते कळायला मार्गच नाही.

मग ‘मुळे’ म्हणायचं तर करायचं काय? मुलं घ्यायची आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडायचे. एका गटाला महिनाभर मोबाईल कमी करायला सांगायचं, दुसऱ्याचं आहे तसं चालू ठेवायचं, आणि शेवटी दोन्हीकडे मोजायचं. यात सगळी जादू चिठ्ठ्यांची आहे आणि हेच मुलांना समजायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. चिठ्ठ्या टाकल्या की घरात भांडणं असलेली मुलं दोन्हीकडे साधारण सारखी विभागली जातात, कमी झोपणारी दोन्हीकडे जातात, बुजरी, बडबडी, सगळी, आणि ज्या गोष्टीचा आपण विचारही केलेला नाही तीसुद्धा दोन्हीकडे वाटली जाते. म्हणून मग शेवटी पुरेसा फरक दिसला तर बोट मोबाईलकडे दाखवता येतं. ‘ज्याला मोबाईल सोडायचाय त्यांनी या गटात या’ असं केलं की संपलं, कारण स्वतःहून सोडणारा मुलगा आधीपासूनच वेगळा असतो.

आणि शेवटी जो मोजणार त्याला कुठलं मूल कुठल्या गटातलं ते माहीत नसावं. हे सांगितलं की मुलं म्हणतात, मॅडम, आपण काय खोटं लिहिणारोत का? मग मी त्यांना हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट सांगते. १९०४ च्या सुमाराला बर्लिनमध्ये हा घोडा बेरजा-वजाबाक्या करायचा, उत्तर खुरानं टापा मारून द्यायचा. त्याचे मालक फॉन ओस्टेन हे गणिताचे शिक्षक होते, साधे गृहस्थ, फसवाफसवी अजिबात नाही, जाणकारांच्या समितीलाही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकानं एकेक गोष्ट बदलून बघितली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडा चुकायचा, आणि विचारणारा माणूस त्याला दिसत नसला तरी चुकायचा. कारण प्रश्न विचारून झाल्यावर माणूस नकळत जरासा पुढे झुकतो आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं किंचित वर जातं, घोडा ते हलणं बघून थांबायचा. त्या माणसांना आपण हललो हे माहीतही नव्हतं. फुंग्स्टना हे कळल्यावरसुद्धा स्वतःची ती हालचाल थांबवणं जड गेलं! प्रामाणिक माणसाकडूनही नकळत असं होतं, म्हणून मोजणाऱ्याला अंधारात ठेवायचं असतं.

आता तुम्ही म्हणाल की सगळ्याच गोष्टींचे असे प्रयोग कुठे करता येतात. बरोबर आहे, नाही येत, आणि येऊही नयेत. १९२० च्या सुमाराला अमेरिकेत वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी जेमतेम अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढऱ्या उंदराची भीती घातली, बाळानं उंदराला हात लावला की मागून लोखंडी दांड्यावर हातोडा मारून दणका द्यायचा. ते बाळ आधी त्याच उंदराशी बिनधास्त खेळत होतं, नंतर उंदीर दिसला तरी रडायला लागलं, दुसऱ्या केसाळ गोष्टींनाही बिचकायला लागलं, आणि ती भीती घालवायचं राहूनच गेलं. पुस्तकात त्याला अल्बर्ट म्हणतात. हा भाग शिकवताना मला आजही त्रास होतो. आज असा प्रयोग कुठलीही नैतिकता समिती करू देणार नाही, आणि मुलं मुद्दाम उदास करून बघणंही कुणी करू देणार नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी आपल्याला सहसंबंधावरच भागवावं लागतं, त्यात काही कमीपणा नाही, मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आधी काय आलं आणि मागून काय आलं तेही बघता येतं. फक्त मग लिहिताना ‘मोबाईल जास्त बघणाऱ्या मुलांमध्ये उदासी जास्त आढळली’ असं लिहायचं. चार शब्द जास्त लागतात हो, पण घराघरात आई ते वाचून मुलाच्या हातातला फोन हिसकावून घेण्याआधी निदान त्याला विचारेल तरी की बाबा, काय झालंय?

प्रश्न कसा विचारला हेही बातमीत येत नाही आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर या संशोधकांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं की गाड्या किती वेगात होत्या. फिल्म त्याच, बदललं फक्त एक क्रियापद. काहींना ‘एकमेकांवर जोरात आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाचं विचारलं, काहींना ‘एकमेकांना लागल्या तेव्हा’ असं. आदळल्यावाल्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितलं, लागल्यावाल्यांनी ३१.८. पुढच्या प्रयोगात आठवड्यानं परत बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा ‘धडकल्या’ शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७, आणि वेगाबद्दल काहीच न विचारलेल्या ५० पैकी ६. एका शब्दानं माणसाची आठवण बदलते, मग ‘किती वेळा उदास वाटलं’ या प्रश्नात उदास वाटलंच असणार हे आधीच धरलेलं आहे, त्याचं काय? ‘उदास वाटलं होतं का’ असं आधी विचारलं असतं तर आकडा तोच आला असता? म्हणून सांगते, प्रश्न जसाच्या तसा छापा.

तुमच्या वेबसाईटवर रोज जो पोल असतो त्याबद्दलही एक सांगायचंय. खाली तुम्ही ‘इतक्या हजार वाचकांनी कौल दिला’ असं अभिमानानं लिहिता. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी जवळपास एक कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट प्रचंड मतांनी आले, लँडनना फक्त दोन राज्यं मिळाली. पत्ते घेतलेले फोनच्या डिरेक्टरीतून आणि गाड्यांच्या यादीतून, त्या मंदीच्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे असणार, आणि त्यातही ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तर पाठवलं. संख्या मोठी असून उपयोग नसतो, कोण आले आणि कोण राहून गेले ते बघावं लागतं.

आता तुम्हा पत्रकारांबद्दलच बोलायचं तर मोझार्टचं उदाहरण घ्या. १९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक पानभर लेख आला. कॉलेजची ३६ मुलं, दहा मिनिटं मोझार्टची एक रचना ऐकवली, नंतर कागद घडी घालून कापला तर उघडल्यावर कसा दिसेल अशा धर्तीची कोडी दिली, गुण थोडे जास्त आले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत गेला. बाळं त्यात नव्हतीच. तरी पेपरांतून फिरत फिरत ते ‘मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल’ असं झालं, आणि १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी तिथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. पुढे लोकांनी तो प्रयोग परत परत केला आणि २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास एकत्र करून बघितलं तर मोझार्टचं असं खास काही हाती लागलं नाही. ही दुसरी बातमी किती जणांनी वाचली? माझ्या वर्गात दरवर्षी विचारते, मोझार्टचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पुढचं कुणीच नाही.

२०१५ मध्ये तर मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच १०० अभ्यास घेऊन ते परत करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस निकाल लागला होता, परत केल्यावर ३६ टक्क्यांतच लागला. हे वर्गात सांगितलं की कोणीतरी विचारतंच, मग हे सगळं शिकायचं कशाला? मला याचा उलट अभिमान वाटतो, आपल्याच घरातला हिशोब कुणी असा चारचौघांत तपासायला काढतं का? पण तोवर वाट बघायची तयारी हवी, वाचकांची आणि तुमचीही. एका अभ्यासावर ‘सिद्ध’ हा शब्द लावूच नका.

तर माझी विनंती एवढीच की मनाबद्दलच्या संशोधनाची बातमी असेल तेव्हा किती माणसं होती, ती कशी निवडली, त्यांना नेमकं काय विचारलं आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडले की नाही, एवढं एका छोट्या चौकटीत द्या. जागा नसेल तर फोटो लहान करा. आणि आज छापलेला निष्कर्ष उद्या कुणी तपासला आणि तो टिकला नाही, तर तेही त्याच पानावर तेवढ्याच अक्षरात येऊ द्या.

ते कात्रण आता आमच्या वर्गातल्या बोर्डावर लावलंय. ‘मुळे’ला कुणीतरी लाल पेनानं गोल केलाय आणि बाजूला ‘कशावरून?’ असं लिहिलंय, अक्षर ओळखीचं आहे, शेवटच्या बाकावरचं. हा धडा अजून दोन आठवडे चालेल, तुमच्याकडे पुरवणीचं काम बघणारं कुणी येऊन बसणार असेल तर मुलं त्यांच्याशी बोलायला उत्सुक आहेत.

आपली,
मानसशास्त्र शिकवणारी एक वाचक