कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कापूस घरात आला की आमच्याकडे प्रश्नावल्यांचा हंगाम सुरू होतो. कॉलेजची मुलं, संस्थांचे कार्यकर्ते फायली घेऊन घरोघर फिरतात आणि पुढे ‘गावाच्या आरोग्याला सरासरी ५२ गुण’ अशी बातमी येते. ते ५२ कसे काढले, हे मात्र कुणी सांगत नाही.

‘एसएफ-३६’ ही जगभर वापरली जाणारी आरोग्याची प्रश्नावली घ्या. तिच्यात शारीरिक हालचालींचे १० प्रश्न आहेत. खूप अडचण असेल तर १, थोडी असेल तर २, अजिबात नसेल तर ३. म्हणजे बेरीज १० ते ३०. त्यातून १० वजा करायचे, २० ने भागायचे, १०० ने गुणायचे. इथवर सोपं आहे. पण मूळ प्रश्नांत व्हॅक्यूम क्लीनर आहे, गोल्फ आहे, जिन्यांचे दोन प्रश्न आहेत. कौलारू घरातली आजी म्हणते, “आमच्या इथं जिना कुठं हाय जी?” आणि रकाना कोरा राहतो.

समजा तिने असे ३ प्रश्न सोडले. उरलेल्या सातांपैकी पाचांना ३ आणि दोनांना २, म्हणजे १९. संगणकात कोऱ्या जागी शून्य धरलं तर तिला ४५ गुण मिळतात. नियम असा आहे की निम्मे किंवा जास्त प्रश्न सोडवले असतील तर तिच्याच उत्तरांची सरासरी, इथे २.७१, कोऱ्या जागी भरायची. मग गुण होतात जवळपास ८६. बाई तीच, गुडघे तेच! अर्थात जिना हा अवघड प्रश्न, तोच कोरा राहिला असेल तर ८६ हा आकडाही थोडा फुगलेला. म्हणून किती रकाने कोरे होते, हे सरासरीशेजारी छापायलाच हवं.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. याच प्रश्नावलीतल्या उत्साहाच्या ४ प्रश्नांपैकी दोन सरळ असतात आणि दोन उलटे (‘थकल्यासारखं वाटतं का?’). तिच्या नव्या, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत ‘नेहमी’ला १, ‘कधीच नाही’ला ५, म्हणून सरळ प्रश्नांचे आकडे गुण देण्याआधी उलटवावे लागतात. ते राहून गेलं तर ठणठणीत माणसाची बेरीज १+१+५+५ आणि पार गळून गेलेल्याची ५+५+१+१. दोघांचेही १२, दोघांनाही ५० गुण. सगळं गाव मधोमध येऊन बसलेलं दिसलं की आधी हेच तपासावं.

प्रश्नावलीतल्यासारखं ‘गेल्या चार आठवड्यांत’ असं विचारून भागत नाही. ‘चार बाजार झाले तेव्हापासून’ म्हटलं की माणूस नेमकं आठवतो. वेचणीच्या दिवसांतली कंबर आणि चैत्रातली कंबर वेगळी, तेव्हा सर्वेक्षणाचा महिनाही लिहावा.

१० गावांत प्रत्येकी ३० माणसं गाठली म्हणून ३०० स्वतंत्र उत्तरं मिळत नाहीत. एका गावचं पाणी एक, रस्ता एक, विचारणाराही बहुधा एकच. गावांतर्गत साम्य (एकाच गावातली उत्तरं एकमेकांसारखी असण्याचं माप) ०.०५ एवढं जरी धरलं तरी ३०० चं वजन साधारण १२२ स्वतंत्र उत्तरांएवढंच भरतं. आणि एसएफ-३६ च्या प्रमाणित गुणांतले (लोकसंख्येच्या सरासरीशी तुलना करून काढलेल्या गुणांतले) ५० म्हणजे काठावर पास नव्हे. ती अमेरिकी लोकसंख्येची सरासरी आहे, दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीला १९९८ सालची.

‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याची प्रश्नावली वापरणाऱ्यांना वेगळं सांगणं आहे. तिची बेरीज ० ते २७, आणि १० च्या खाली असेल तर बरेच जण फाईल मिटतात. पण नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे. तिथे १ जरी आला तरी बेरजेची वाट पाहू नये. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावं आणि घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक, आर्वी (जि. वर्धा)