माथाडींना मिळालं ते ॲपवरच्या पोरांनाही मिळायला हवं

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

केंद्राचे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाल्या आणि ॲपवर काम करणाऱ्यांना कायद्यात पहिल्यांदाच जागा मिळाली, असं तेव्हापासून सारखं वाचनात येतं. जागा मिळाली हे खरं, पण ती कोणती हे पाहायला हवं. मालक आणि नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर राहून काम करणारा आणि त्यातून कमावणारा तो गिग कामगार, अशी व्याख्याच त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. एकदा त्याला त्या नात्याबाहेर बसवलं की किमान वेतन, ओव्हरटाइम, भरपगारी रजा, काढून टाकण्याआधीची नोटीस, यातलं काहीच त्याला लागू होत नाही. त्याच्या वाट्याला येतात त्या सरकार आखेल त्या योजना: अपघात विमा, औषधपाणी, म्हातारपणाची काही सोय. त्यासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे, आणि तीही कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांवर जाणार नाही. म्हणजे एका ऑर्डरचे पोराला ४० रुपये मिळाले, तर त्याच्या सुरक्षेसाठी फार तर २ रुपये.

हे काही मूठभर पोरांचं रडगाणं नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज होता, आणि २०२९-३० पर्यंत हा आकडा २ कोटी ३५ लाखांवर जाईल असंही त्यात म्हटलं होतं.

कंपन्यांचं म्हणणं ठरलेलं आहे. ही मुलं कधीही येतात, कधीही जातात, एकाच वेळी दोन-तीन ॲपवर असतात, मग त्यांचा मालक कोण म्हणायचा आणि फंड, ग्रॅच्युइटी कुणी भरायची? ऐकायला पटण्यासारखं आहे. पण महाराष्ट्रात राहून कुणी हा प्रश्न नवा असल्यासारखा मांडला की मला राग येतो. या प्रश्नाचं उत्तर आपल्या राज्याने १९६९ मध्ये कायदा करून दिलं आहे, आणि त्या उत्तरावर आमचं घर उभं राहिलं आहे.

माझे वडील माथाडी कामगार. साताऱ्याकडून मुंबईत आले, मशीद बंदरच्या मसाल्याच्या बाजारात टोळीत लागले, पुढे बाजार तुर्भ्याला आला तसे आम्ही कोपरखैरण्याला आलो. पाठीवर गोणी आणि हातात आकडा. सकाळी एका गाळ्यावर हळद उतरवायची, दुपारी दुसऱ्याकडे मिरची भरायची. गाडी आली तर काम, नाही आली तर गाळ्याच्या पायरीवर बसून राहायचं. त्यांचा मालक कोण? हळदवाला म्हणणार, माझं काम दोन तासांचं. मिरचीवाला म्हणणार, मी तर याला ओळखतही नाही. आज ॲपवाले जे बोलतात ते तेव्हाचे व्यापारी शब्दाला शब्द बोलत होते.

अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात हमालांना संघटित केलं, मोर्चे निघाले, संप झाले आणि त्यातून माथाडी कायदा आला. त्या कायद्याची खरी करामत अशी की एकच एक मालक शोधत बसायची गरजच त्याने संपवली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ नेमलं. व्यापाऱ्याने मंडळात नोंदणी करायची, कामगारानेही करायची. टोळीने महिनाभर ज्या ज्या गाळ्यावर काम केलं, त्या प्रत्येकाने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची रक्कम, मंडळात भरायची. मंडळ कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना पाहणार. ही लेव्ही मंडळागणिक वेगवेगळी, पण मजुरीच्या ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. वर सांगितलेल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेशेजारी हा आकडा ठेवून बघा.

वडिलांची बोर्डाची पगारचिठ्ठी मी लहानपणी वाचून दाखवायची, कारण त्यांना अक्षर लागत नव्हतं. त्यात गाळेवाल्यांची नावं बदलत राहायची. मध्ये एक व्यापारी धंदा गुंडाळून गेला. वडिलांची फंडाची शिल्लक जागेवर राहिली, कारण ती त्या व्यापाऱ्याकडे नव्हतीच. बहिणीचं लग्न आणि माझं कॉलेज त्या पैशांतून झालं.

आता माझ्या भाच्याचं सांगते. तो बाइकवरून किराणा पोहोचवतो. गेल्या पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर खड्ड्यात गाडी घसरली आणि खांद्याचं हाड मोडलं. ऑर्डर पोहोचली नाही म्हणून रेटिंग पडलं. बरा होऊन पुन्हा लॉग इन करायला गेला तर आयडी ब्लॉक. का, ते लिहिलेलं नाही. मदतीच्या चॅटवर तीच तीन तयार उत्तरं आलटून पालटून येत होती. भेटायला ऑफिस नाही, बोलायला साहेब नाही. शेवटी त्याने दुसऱ्या ॲपवर नाव घातलं. तिथे सगळं पहिल्यापासून सुरू, आणि इन्सेंटिव्हसाठी पुन्हा रोजची ऑर्डरसंख्या गाठायची घाई. माझ्या वडिलांना टोळीतून काढायचं म्हटलं असतं तर मुकादमाशी भांडायला, युनियनमध्ये जायला, मंडळात तक्रार लिहून द्यायला जागा होती. त्यांच्या नातवाला, तोही त्याच नवी मुंबईत ओझी वाहत असताना, यातली एकही जागा नाही.

माथाडी मंडळांचा कारभार स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. बोगस माथाडींच्या नावाने कारखानदारांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांचा सर्वात जास्त त्रास खऱ्या माथाडीलाच होतो. नोंदणी न करता परस्पर काम करून घेणारे मालकही कमी नाहीत. पण खंडणीखोराला पोलिसांनी पकडावं. त्याच्यासाठी कायदाच पातळ करायची भाषा होते ती मला मान्य नाही.

नात्याचा इन्कार करून जबाबदारी टाळणं फक्त खासगी कंपन्याच करतात असंही नाही. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार वर्षानुवर्षं ‘आमचे नाहीत’ म्हणून बाजूला ठेवले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ती लढाई औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली, तेव्हा २०१७ मध्ये सुमारे २,७०० जणांच्या कायम नोकरीवर शिक्कामोर्तब झालं. त्यांच्यामागे संघटना होती. शहरभर विखुरलेल्या, एकमेकांचं नावही माहीत नसलेल्या पोरांनी सर्वोच्च न्यायालय कसं गाठायचं? आणि कंत्राटी कामगारांच्या बाबतीत नव्या संहितेने कायदा लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर नेली आहे. लहान लहान कंत्राटं पाडून कायद्यातून निसटणं आता आणखी सोपं होईल.

राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी वेगळा कायदा आणि मंडळ आणलं. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात कामावरून काढण्याआधी कारण सांगून १४ दिवसांची नोटीस देणं बंधनकारक केलं. ज्या राज्याने माथाडी कायदा केला आणि १९८१ मध्ये त्याच धर्तीवर सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला, त्याने खरं तर या रांगेत पहिलं असायला हवं होतं. उलट आपल्याला हे काम सोपंही आहे. हमालाची मजुरी मोजायला मुकादमाची वही लागायची. इथे कोणत्या मुलाने किती वाजता कोणती ऑर्डर उचलली, किती मिनिटं दुकानाबाहेर उभा राहिला, किती किलोमीटर गेला, याची सेकंदासेकंदाची नोंद कंपनीकडे आहे. त्या नोंदीवरून प्रत्येक ऑर्डरमागे लेव्ही थेट मंडळात जमा होऊ शकते. मुलगा तीन ॲपवर असेल तर तिघांची लेव्ही त्याच्या एकाच खात्यात येईल.

राज्य सरकारकडे माझी मागणी आहे की ॲपवरच्या कामगारांसाठी माथाडीच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ नेमावं, दर ठरवताना ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळही धरावा, आणि लेखी कारण व सुनावणी यांशिवाय कुणाचाही आयडी बंद करता येणार नाही असं कायद्यात लिहावं. मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून रस्त्यावर गाडी चालवणारी मुलंच असावीत. नवी मुंबईतल्या माथाडी पुढाऱ्यांनीही हा विषय आपला मानावा. त्यांच्या जुन्या सभासदांची किती नातवंडं आज पाठीवर ती चौकोनी बॅग घेऊन फिरतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई