प्रायमाक्विनआधी जी-सिक्स-पीडी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात पावसाळी आजारांच्या पानावर टॅफेनोक्विन या औषधाची बातमी वाचली. ‘मलेरियावर चौदा दिवसांच्या गोळ्यांऐवजी आता एकच डोस’ असा मथळा होता. बातमी खोटी नाही. पण तिच्यात एक ओळ हवी होती ती नाही, आणि नेमकी तीच एखाद्या पोराच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र. मी सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. नोकरीची बहुतेक वर्षे जेएसबी स्टेन या रंगाने बोटे निळी करून मलेरियासाठी घेतलेल्या रक्ताच्या काचा वाचण्यात गेली. चिरेखाणीवरचे कामगार, बोटीवरचे खलाशी, आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार आणि पावसात आमचीच गावातली माणसे, या सगळ्यांच्या काचा माझ्या हाताखालून गेल्या. मी पाहिलेल्यांत पीव्ही, म्हणजे व्हायव्हॅक्स या प्रकारचा मलेरिया, जास्त.

या व्हायव्हॅक्सची खोड अशी की क्लोरोक्विनने तो रक्तातून जातो, पण यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. तिथून त्याला काढायला प्रायमाक्विन, रोज एकदा, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की आमचे लोक उरलेली पाकिटे फडताळात टाकतात, हे मी इतक्या वर्षांत पाहत आलो आहे. तेव्हा एका डोसाचे औषध निघाले याचा मला आनंदच आहे.

आता जी ओळ सुटली ती. प्रायमाक्विन काय, टॅफेनोक्विन काय, दोन्ही औषधे जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी फोडतात. हा दोष आईकडून येतो आणि मुख्यतः मुलग्यांत दिसतो. एरवी पोरगा हसतो, खेळतो, विहिरीत उड्या मारतो, कुणाला काही कळत नाही. कळते ते गोळी पोटात गेल्यावर.

माझ्या पुतणीच्या मुलाला गेल्या पावसात हे झाले. अकरा वर्षांचा पोर, काच पीव्ही पॉझिटिव्ह. वयाप्रमाणे अडीच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज, हिशेब बरोबर होता. चौथ्या दिवशी तो परसातून ओरडत आला, “आये, माका आगळासारखी लघवी झाली!” कोकमाचे आगळ ज्याने पाहिले आहे त्याला रंग सांगायला नको. डोळे पिवळे, ओठांची रया गेलेली. जवळच्या दवाखान्यात नेले. आमच्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात ताप, कावीळ आणि काळी लघवी एकत्र आली की पहिला शब्द निघतो तो ‘लेप्टो’, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. त्यात डॉक्टरांना दोष देत नाही, भातशेतीत उतरणाऱ्या गावात तो संशय घ्यायलाच हवा. पण घरी मलेरियाच्या गोळ्या चालू आहेत का, हे कुणी विचारले नाही. सलाइन चालू, लेप्टोवरचे डॉक्सी चालू, आणि उशाशी बसून पुतणी प्रायमाक्विनही वेळेवर देत होती. का नाही देणार? ‘कोर्स अर्धवट सोडू नका’ असे तिला बजावलेले होते. ‘लघवी काळी झाली तर ताबडतोब बंद करा’ हे मात्र बजावलेले नव्हते. मला कळले तेव्हा मी फोनवरच आधी गोळ्या थांबवायला लावल्या. हिमोग्लोबिन साडेपाचावर आले होते. रक्त चढवले, पोर वाचले.

पुढचा भाग माझ्या धंद्यातला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रक्त चढवल्यावर त्याच आठवड्यात एका खासगी लॅबकडे जी-सिक्स-पीडी पाठवले. रिपोर्ट आला ‘नॉर्मल’. घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी म्हटले, हा कागद बाजूला ठेवा. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, नवे एन्झाइम तिला बनवता येत नाही; पेशी जसजशी जुनी होते तसे असलेलेही झिजते. औषधाने आधी फुटतात त्या या जुन्या पेशी. मागे राहतात त्या ताज्या, कोवळ्या, ज्यांत एन्झाइम त्यातल्या त्यात बरे असते. वर दुसऱ्याचे रक्त मिसळलेले. अशा नमुन्यात आकडा चांगला येणारच. तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची असते. आम्ही केली. रसायन मिसळलेल्या रक्ताचे ठिपके कागदावर घेऊन अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरतात. निरोगी माणसाचा ठिपका चमकतो, याचा काळाच राहिला. मुलींच्या बाबतीत हा ठिपकाही फसवतो, कारण त्यांच्यात काही पेशी चांगल्या, काही दोषी असू शकतात. तिथे आकडा देणारी तपासणीच हवी.

या दोषाचा शोधच मुळी प्रायमाक्विनमुळे लागला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर या औषधाचे प्रयोग चालले होते. (कैद्यांवर! आज कुठली समिती परवानगी देईल?) त्यातल्या काहींचेच रक्त का फुटते याचा माग काढता काढता १९५६ साली शिकागोच्या संशोधकांनी या एन्झाइमची उणीव दाखवून दिली. आपल्याकडे मुंबईच्या पारशी समाजात ती १९६० च्या दशकातच नोंदली गेली. भारतात सापडणाऱ्या तीन मुख्य प्रकारांपैकी एकाचे नाव तर ‘केरळ-कल्याण’ आहे. कल्याण म्हणजे आपले ठाण्याजवळचेच. जगात सुमारे ४० कोटी लोकांत हा दोष असल्याचे मानतात. प्रमाण समाजागणिक बदलते, त्यामुळे आपल्या गावात नसेल असे धरून चालण्यात अर्थ नाही.

आणि आता टॅफेनोक्विन. प्रायमाक्विन शरीरातून तासांच्या हिशेबाने निघून जाते. म्हणून आमचे पोर वाचले, गोळी थांबवली की फुटणे थांबले. टॅफेनोक्विन निम्मे व्हायलाच सुमारे दोन आठवडे लागतात. एकदा गिळले की थांबवायचे काय? एका डोसाची सोय आणि एका डोसाचा धोका इथे एकच आहे. म्हणूनच एन्झाइमची क्रिया निरोगी माणसाच्या ७० टक्क्यांच्या वर असलेल्यांनाच ते द्यायचे अशी अट आहे. कोलंबिया आणि व्हिएतनाममध्ये मुलांवर जी चाचणी झाली ती साठ मुलांवर, आणि तीही आधी एन्झाइम मोजून निवडलेल्या. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने दोन वर्षांवरील मुलांसाठी औषधाला मान्यता दिली ती याच जोरावर. दोषी मुलांना ते कसे मानवते हे त्या चाचणीतून कळणार नव्हतेच, ती मुले तिच्यात घेतलीच नव्हती.

हे वाचून कुणी प्रायमाक्विन टाकून देऊ नये. दोष असलेल्यांनाही उपाय आहे: तेच प्रायमाक्विन, पण रोज नाही, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आमच्या पोराला पुढे तसेच दिले, दर डोसानंतर हिमोग्लोबिन बघत. डांबराच्या गोळ्या मात्र घरातून हद्दपार केल्या. बाळाचे दुपटे ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवायची आपली रीत अशा मुलाला बाधते, हे पुतणीला पटवायला मलेरियापेक्षा जास्त वेळ लागला.

मागणी फार मोठी नाही. बोटातल्या थेंबावर दोनेक मिनिटांत एन्झाइमचा आकडा देणारे हातात मावणारे यंत्र आता मिळते. चिरेखाणी आणि बंदरे ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत येतात तिथे निदान एकेक द्यावे. केरळात सरकारी रुग्णालयांतून नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन ही तपासणी करतात. आपल्याकडे तेवढे होईपर्यंत अंगणवाड्या-शाळांत फिरणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकांनी, ज्या मुलांचा दोष कळला आहे त्यांच्या कार्डावर तो लाल शाईत लिहावा. २०३० पर्यंत मलेरिया संपवायचा तर प्रायमाक्विन जास्त लोकांना द्यावे लागणार, कमी नाही.

आणि आपण या विषयावर पुन्हा छापणार असाल तर एक चौकट द्यावी. मलेरियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतच असलेली ही लक्षणे आहेत: लघवी काळसर होणे, डोळे पिवळे होणे, ओठ निळसर पडणे, पोटात दुखणे, मळमळ, उलटी. यातले काही दिसले तर प्रायमाक्विन त्याच क्षणी बंद करून दवाखाना गाठावा, आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग