पत्र्याच्या शेडमध्ये 47 डिग्री, मोटर मात्र 40 ची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की पारा किती चढला ते आपल्या पेपरात पहिल्या पानावर येतं, केळीच्या बागांचं येतं, उष्माघाताचं येतं, आणि ते यायलाच पाहिजे, पण एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडखाली मशीनचे काय हाल होतात ते कुठं वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. मी जळगावला एका डाळ पॅकिंगच्या युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो.

आमच्या पाऊच मशीनवर फिल्म ओढायला 400 वॅटची सर्वो मोटर (म्हणजे ठरवून दिलं तेवढंच नेमकं फिरणारी मोटर) आहे. मागच्या उन्हाळ्यात ती रोज दुपारी दीड-दोनला ओव्हरलोडचा अलार्म देऊन थांबायची, तासभर बंद ठेवली की परत सुरू, आणि सकाळच्या शिफ्टला काही म्हणजे काही त्रास नाही. मशीनवाल्याला फोन केला तर म्हणे तुमचं व्होल्टेज खराब आहे, स्टॅबिलायझर लावा. लावला, पैसे गेले, अलार्म तसाच. शेवटी मी मोटरीशेजारी थर्मामीटर टांगला, दुपारी 47! आणि कॅटलॉगमध्ये सरळ लिहिलंय की पूर्ण टॉर्क (फिरवायचा जोर) 40 डिग्रीपर्यंतच, त्याच्यावर गेलात तर लोड कमी करा.

असं का, ते आमच्या पोरांना मी असं सांगतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण 0.39 टक्क्याने वाढतो, म्हणजे वाइंडिंग (मोटरीतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) 25 वरून 100 ला गेलं की जवळपास 30 टक्के जास्त. आतलं मॅग्नेट तापलं की थोडं ढिलं पडतं, मग तेवढ्याच टॉर्कला करंट जास्त लागतो, आणि करंट वाढला की उष्णता वर्गाच्या हिशोबाने वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. वर या मोटरीला फॅन नसतो, बरीचशी उष्णता फ्लँजमधून, म्हणजे मोटर बोल्टने बसवतात त्या तिच्या चपट्या तोंडातून, ती जिच्यावर बसते त्या प्लेटमध्ये जाते. कॅटलॉगचं रेटिंगच मुळी मोठ्या ॲल्युमिनियम प्लेटवर मोटर बसवून काढलेलं असतं, या साइजला बऱ्याच ठिकाणी 250 मिमी चौकोनी आणि 6 मिमी जाड प्लेट धरतात. आमच्या मोटरीमागे काय होतं, तर पावडर कोटिंग केलेली पातळ पत्र्याची पट्टी. उष्णता जाणार कुठं?

पुढं जूनमध्ये मोटर घरघरायला लागली. रिपेअरवाल्याने माझ्यासमोर उघडली, पुढच्या बेअरिंगचं ग्रीस काळं पडून वाळलेलं आणि बॉलच्या वाटेवर बारीक खड्डे. हे मात्र नुसत्या गरमीने झालेलं नव्हतं. आमच्याकडे टायमिंग बेल्ट बोटाने वाजवला की तारेसारखा वाजेल एवढा ताणायची सवय आहे, मीही अनेक वर्षं तसाच ताणत आलो. एवढ्या मोटरीच्या शाफ्टवर आडवा लोड बऱ्याच कॅटलॉगमध्ये साधारण 25 किलोच चालतो, तोही ठरलेल्या अंतरावर. पुली शाफ्टच्या टोकाला बसवून वर बेल्ट कचकून ताणला की बेअरिंगवर पहारीने रेटल्यासारखा जोर येतो, आणि बॉल बेअरिंगवर लोड दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. आणि पुली हातोडीने ठोकून बसवणं तर आधी बंद करा, तो दणका शाफ्टमधून थेट मागच्या एन्कोडरला (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या भागाला) बसतो, पुष्कळ एन्कोडरमध्ये काचेची चकती असते. शाफ्टच्या टोकाला आटे असतील तर त्यात बोल्ट घालून पुली हळूहळू आत ओढून घ्यायची.

नवीन मोटर बसवताना आम्ही जाड ॲल्युमिनियमची प्लेट टाकली, पुली फ्लँजला जवळ सरकवली, बेल्टचा ताण मोजून दिला आणि छताला दोन एक्झॉस्ट फॅन लावले. यंदा दुपारची शिफ्ट एकदाही थांबली नाही.

माझी मागणी मशीन बनवणाऱ्यांकडे आहे. मशीन जळगाव, भुसावळ, अकोल्याला विकता तर मोटर निवडताना 40 धरू नका, निदान 50 धरा, एक साइज मोठी द्या. आणि किती तापमान चालतं, शाफ्टवर किती किलो चालतं, बेल्ट किती ताणायचा, हे मराठीत छापून मोटरीच्या बाजूलाच चिकटवा, कारण इंग्रजी मॅन्युअल ऑफिसच्या कपाटात कुलुपात असतं आणि पाना हातात असलेल्या पोरापर्यंत ते कधीच पोचत नाही.

आपला वाचक,
एक मेंटेनन्स फिटर, जळगाव