लॅब मिळते, पण सोबत?

तरुण संशोधकांच्या अनुदानावरचा तुमच्या पेपरातला लेख पटला, पण पैसा हा अर्धाच प्रश्न आहे. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं काही वर्षांचं संशोधन, संपवून स्वतःची लॅब सुरू केली की पहिला विद्यार्थी कसा निवडायचा, खरेदीची टेंडरं, अनुदानाचा रखडलेला हप्ता, हे कुणी शिकवलेलंच नसतं आणि सीनियरना विचारायला संकोच वाटतो, कारण उद्या प्रमोशनच्या कमिटीत तेच बसणार. इंडियाबायोसायन्स या जीवशास्त्र संशोधकांसाठीच्या संस्थेची यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग, म्हणजे तरुण संशोधकांची बैठक, २००९ पासून होते, फार चांगली गोष्ट, पण रोजच्या अडचणींना तेवढं पुरत नाही. आपल्याकडे पुण्यात संशोधन संस्था जवळजवळच आहेत: एनसीएल (रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) पाषाणला शेजारीशेजारी, एनसीसीएस (पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र) विद्यापीठाच्या आवारात, आघारकर संशोधन संस्थाही लांब नाही, मग इथल्या नव्या लॅबप्रमुखांनी महिन्यातून एकदा तरी एकत्र बसावं, वरिष्ठांशिवाय, आणि संस्थांनी त्यासाठी वेळ द्यावा.

— एक वाचक, पाषाण, पुणे