बाबा, बारा दिवसांत सात शहरं नको ना!

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो बघितला. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, ल्युसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, सगळ्यांना नंबर, मध्ये बाण, आणि खाली दोनदा अंडरलाइन करून "१२ दिवस पुरेत". हसू पण आलं आणि थोडी धडकी पण भरली. फोनवर बोलायला गेलं की तुम्ही "पुन्हा कधी जाणार आपण" म्हणता आणि विषय संपतो, म्हणून लिहितेय.

आधी तुमचंच गणित करू. बारातला पहिला आणि शेवटचा दिवस विमानात आणि एअरपोर्टवर गेला, राहिले दहा. सात शहरं म्हणजे सहा वेळा बॅगा भरायच्या. पॅरिस ते ॲमस्टरडॅम ट्रेन साडेतीन तासांची आहे हे बरोबर, पण सकाळी दहा-अकराला रूम सोडायची, स्टेशन गाठायचं, तिकडे उतरून नवीन हॉटेल शोधायचं, आणि रूम मिळणार दुपारी दोन-तीनला. अर्धा दिवस तरी गेलाच. सहा अर्धे म्हणजे तीन दिवस. उरले सात. एका शहराला एक दिवस, तोही झोप नीट झाली असेल तर!

मी पहिल्यांदा युरोपला गेले तेव्हा नऊ दिवसांत पाच शहरं केली होती, आठवतंय ना? तुम्हाला फोटो पाठवले ते सगळे हसरेच होते, त्यामुळे हे कधी सांगितलं नाही. पॅरिसला दीडच दिवस ठेवला होता, त्यातला पूर्ण दिवस नेमका मंगळवार, आणि लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं. मी आधी बघितलंच नव्हतं, चूक माझीच. बाहेरचा काचेचा पिरॅमिड बघून परत, कारण दुसऱ्या दिवशी दुपारची ट्रेन. आणि व्हेनिस! तिथे गाड्याच नाहीत, स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर कालवा आणि पुलांना पायऱ्या. बॅगेची चाकं प्रत्येक पायरीवर टक टक आपटत होती, दुसऱ्या पुलावर एक चाक निखळलं आणि उरलेला रस्ता ती बॅग कडेवर घेतल्यासारखी नेली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आईच्या गुडघ्यांचं काय ते तुम्हीच सांगा.

आणि बाबा, एक चुगली करते. आई तुमच्यासमोर "तुम्ही ठरवाल तसं" म्हणते, पण परवा मला हळूच म्हणाली, मला कुठेतरी तळ्याकाठी नुसतं बसायचंय गं. (आई, सॉरी.)

तर माझं म्हणणं असं की दिवस मोजूच नका, रात्री मोजा. चौदा रात्री, तीनच मुक्काम: पॅरिस पाच, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न चार, रोम पाच. पॅरिसच्या पाचातली पहिली धरायचीच नाही, त्या दिवशी डोळे उघडे राहिले तरी खूप झालं. ल्युसर्नला चार रात्री जास्त वाटतील, पण डोंगरावर ढग आले तर वर जाऊन पांढरं धुकंच दिसतं, म्हणून एक दिवस हाताशी मोकळा हवाच. बाबा, तिथे रिगी डोंगरावर जाणारी दात्यांच्या रुळांची रेल्वे आहे, 1871 पासून चालतेय, तुम्ही दोनदा जाल बघा. आणि आईला तळं. तिथून रोमला जायला मात्र जवळजवळ अख्खा दिवस ट्रेनमध्ये, मध्ये मिलानला गाडी बदलायची, पण वाटेत 57 किलोमीटरचा गॉटहार्डचा बोगदा लागतो, त्यामुळे तुमची तक्रार नसणार. फ्लॉरेन्स सोडवतच नसेल तर रोमहून दीड तासावर आहे, बॅगा हॉटेलवरच ठेवून सकाळी जाऊन रात्री परत. व्हेनिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम यावेळी नाही. भांडा हवं तर.

फक्त रोमच्या दिवसांत व्हॅटिकन म्युझियमसाठी रविवार धरू नका, बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी फुकट म्हणून तोबा गर्दी.

विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढू, जाताना पॅरिसला उतरायचं आणि येताना रोमहून निघायचं, म्हणजे परत पॅरिसला यायचा एक दिवस वाचतो. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, आपले फ्रान्स-इटली सारखेच होतायत, मग जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिकडे, म्हणजे फ्रान्सकडे. म्हणून म्हणते, रात्री एकदा पक्क्या करा आणि नंतर वहीत खाडाखोड नको. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात.

आणि हो, युरोपातून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू असायला लागतो. बाबा, तुमचा मी बघितलाय, आईचा कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये असेल, त्याची तारीख बघून आजच कळवा.

तुमची लेक