१५० अश्वशक्ती: २००५ ची आणि आजची

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जुन्या दमदार सेडान गाड्यांविषयीचा लेख वाचला. वीस लाखांच्या घरातली नवी गाडी घेण्यापेक्षा चार-पाच लाखांत एखादी जुनी टर्बो सेडान (इंजिनात दाबून हवा भरणारी, म्हणून जास्त ताकदीची) घ्यावी, कमी पैशांत जास्त मजा मिळते, असा त्या लेखाचा एकंदर सूर आहे. मजेबद्दल माझे काही म्हणणे नाही. हरकत आहे ती ‘कमी पैशांत’ या शब्दांना, कारण तेवढ्यावर विसंबून एखादा तरुण उद्या अशी गाडी दारात आणील आणि सहा महिन्यांनी ती पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी दिसेल. अशा दोन गाड्या माझ्या पाहण्यात आहेत.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून निवृत्त झालेला माणूस आहे. माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. २०१३ मध्ये सेकंडहँड घेतली. माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेतली आणि तेव्हापासून राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत या दोन्ही गाड्या एकामागे एक उभ्या असतात. पाहुणे येतात, दोन्हींभोवती फेरी मारतात आणि हमखास विचारतात की यातली भारी कोणती. उत्तर देताना दरवेळी मला दुसरा चहा सांगावा लागतो.

गंमत अशी की कागदावर दोन्हींची ताकद सारखीच, १५० अश्वशक्ती. ऑक्टाव्हियाचे इंजिन १७८१ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले. युरोपात याच गाडीला १८० अश्वशक्ती मिळत होती, आपल्याकडे २००४ मध्ये ती आली तेव्हा १५० वर भागवले गेले. तरीही त्या काळी आपल्या बाजारात टर्बो पेट्रोल हा शब्दच नवा होता, त्यामुळे ज्यांनी ती तेव्हा चालवली त्यांच्या डोक्यातून ती अजून उतरलेली नाही. व्हर्टसचे इंजिन १४९८ सीसीचे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारे, आणि हायवेला पाय हलका ठेवला की चारांपैकी मधले दोन सिलिंडर आपोआप झोपवणारे. ओढ, म्हणजे टॉर्क, मात्र जास्त. जुनीची २१० न्यूटन-मीटर, तर नवीची २५०.

आकडे एवढेच सांगतात. बाकीचे आंबा घाटात कळते. साखरप्याकडून वर चढताना भाच्याची गाडी समोरच्या ट्रकला मागे टाकायचे ठरवण्याआधीच योग्य गिअरमध्ये असते. सात गिअरचा तिचा डीएसजी बॉक्स, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा, तुमच्या परवानगीची वाट पाहत नाही. माझ्या गाडीत तेच काम मला करावे लागते. तिसरा गिअर टाका, इंजिनाच्या फेऱ्यांची सुई दोन हजारांवर येऊ द्या, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखी ती सुटते. स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, असल्यामुळे डांबर कुठे संपले आणि खडी कुठे लागली हे तळहाताला समजते. घाट संपल्यावर भाचा ताजातवाना असतो आणि माझी पाठ ओली झालेली असते. स्पर्धा लावली तर तो पुढे जाईल, यात मला शंका नाही. मोटार चालवण्याचे श्रम मला आवडतात, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. (नवी गाडी सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही मिळते. भाच्याने ती घ्यावी असे मी सांगून पाहिले होते. पुण्याच्या वाहतुकीत डावा पाय झिजवायला मी तयार नाही मामा, असे त्याचे उत्तर होते आणि ते मला खोडता आले नाही.)

आता पैशांकडे वळतो, कारण पत्र त्यासाठी आहे. गाडी घेतल्या दिवसापासूनचा सर्व खर्च मी एका वहीत लिहून ठेवला आहे. या जुन्या इंजिनाची दुखणी जगभर ठाऊक आहेत: ठिणगी पाडणारे इग्निशन कॉइल जातात, टायमिंग बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदलावा लागतो, कारण पंपाच्या आतले प्लॅस्टिकचे पाते जुने होऊन तुटते, टर्बोला तेल पुरवणाऱ्या नळीत जळके तेल साचते, म्हणून घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवायचे असते. हे सगळे माहीत असूनही गेल्या पावसाळ्यात माझी गाडी आयडलवर, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, धापा टाकू लागली. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याखाली) हात घातला आणि व्हॅक्यूमचा एक रबरी पाइप बाहेर काढला. बोटांच्या चिमटीत धरताच त्याचा खारी बिस्किटासारखा चुरा झाला आणि काळे कण त्यांच्या तळहातावर पडले. ‘रबराची वीस वर्षं झाली की साहेब, त्याचा काय दोष?’ ते म्हणाले. दोष कोणाचाच नव्हता. पाइपाची किंमत किरकोळ होती. पण तिथपर्यंत पोहोचायला अर्धे इंजिन सोडवावे लागले, आणि एक निघाला म्हटल्यावर त्याचे सगळे भाऊबंद बदलणे शहाणपणाचे होते. त्यातही एका विक्रेत्याने दोनदा चुकीचा पाइप पाठवला. गाडी सतरा दिवस गॅरेजात होती. त्या सतरा दिवसांत मी केएमटीच्या बसने आणि भाच्याच्या गाडीने फिरलो.

तरीही सुट्या भागांच्या बाबतीत ही गाडी नशीबवान म्हणायची. हेच इंजिन गोल्फ, पसाट आणि ऑडी ए४ मध्येही असल्यामुळे त्याचे भाग आजही बनतात, आणि चाकांजवळचे बुश, लिंक रॉड वगैरे सस्पेन्शनचे भाग आपल्याकडे भरपूर खपलेल्या डिझेल ऑक्टाव्हियाचे चालतात. खरी अडचण बाहेरच्या अंगाची आहे. आरएसचा पुढचा बंपर फुटला तर दुसरा मिळेपर्यंत फुटकाच वागवायचा.

पेट्रोलची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याला अधिकच लागू आहे. ज्या उसावर आपण सगळे जगतो त्याच उसाचे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के असते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप आणि सील हे मिश्रण सोसतील अशा मालाचे बनवलेले असतात. २००५ च्या गाडीत तशी सोय असण्याचा प्रश्नच नव्हता. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता, वाढते, ते टर्बो इंजिनाला मानवते, हे कबूल करायला हवे. पण त्याच्यात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज घटते. ते हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला ते बाधते. आणि जुन्या रबराशी त्याचे पटत नाही. मी टाकीपासून इंजिनापर्यंतची इंधनाची सगळी रबरी नळी बदलून घेतली. माझे थोरले बंधू शिरोळला ऊस लावतात. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, आमचा ऊस गोडच आहे, तुझ्या गाडीलाच पचत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण आणि पर्यावरण कर. हे नूतनीकरण पूर्वी ६०० रुपयांत होत असे. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० केले. पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवायला बंदी आहे असे अनेकांना वाटते. ती दिल्लीची गोष्ट आहे, आपल्या कोल्हापूरच्या एमएच-०९ पाटीच्या गाडीला ती लागू नाही. विम्यात एक मजेशीर भेद आहे. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी हप्ता १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. म्हणजे २ सीसीने अलीकडे राहिलेली भाच्याची गाडी माझ्या गाडीच्या निम्म्याहून कमी हप्त्यात सुटते. अर्थात त्याने खरेदीच्या वेळी ४० टक्के जीएसटी आणि वर रोड टॅक्स भरला आहे, तेव्हा त्याचा हेवा करण्यात अर्थ नाही.

लेखात जिचा उल्लेखही नव्हता अशी एक बाब कोल्हापूरकराने तरी विसरू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते, आणि त्या दोन पुरांत किती गाड्या बुडाल्या हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा सीटचा पट्टा शेवटपर्यंत, अगदी आतली शिवण दिसेपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या पोटात राहिलेल्या भागावर चिखलाची पिवळट रेघ असते. सीटच्या रुळाखाली बोट फिरवून पाहा; रेती लागली तर घरी परत या. रंग, चाके, आवाज यांना भुलू नका. मी स्वतः २०१३ मध्ये रंगाला भुललो होतो, आणि वहीचे पहिले पान त्याची साक्ष आहे.

सुरक्षिततेबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत व्हर्टसला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे पाच तारे मिळाले. माझी गाडी तिच्या काळात दणकट मानली जायची, पण तो काळ वेगळा. नातवंडे बरोबर असली की मी भाच्याची किल्ली मागून घेतो.

याचा अर्थ नवी गाडी निर्दोष आहे असा नाही. कोरड्या क्लचचा तो डीएसजी बॉक्स मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या वाहतुकीत तापतो आणि वॉरंटी संपल्यावर त्याचे काम निघाले तर बिल पाहून घाम फुटतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते, कारण त्यांना धुणारे पेट्रोल तिकडून जातच नाही. आमचे मिस्त्री माझ्या गाडीच्या बॉनेटवर कान ठेवून रोग सांगतात. भाच्याच्या गाडीपुढे त्यांना आधी स्कॅनर जोडावा लागतो. वीस वर्षांनी तिचा टचस्क्रीन बंद पडला तर उद्यमनगरात कोण दुरुस्त करील, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पण हा प्रश्न भाच्याच्या २०४५ सालच्या भाच्याचा आहे.

लेखकांनी मेबॅक या जुन्या जर्मन मोटारीचे उदाहरण देऊन कोल्हापूरला जुन्या गाड्यांचा वारसा असल्याचे लिहिले, तेही खरे आहे. विजयादशमीला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सारे शहर टाचा उंचावून पाहते. मात्र तिला दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या पाळीला शिरोलीत हजर व्हायचे नसते. ज्याच्या घरात एकच गाडी आहे, जो तीच घेऊन महिन्यातून चारदा पुण्याला जातो आणि ज्याच्या ओळखीत असे इंजिन उघडलेला एकही मिस्त्री नाही, त्याने बिनदिक्कत नवी घ्यावी. हप्ता परवडत नसेल तर तीन-चार वर्षे वापरलेली घ्यावी, पण २००५ ची घेऊ नये. ज्याच्याकडे रोजच्या कामाला दुसरे वाहन आहे, विश्वासाचा मिस्त्री आहे आणि खरेदीच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी वेगळी काढून ठेवलेली आहे, त्याला मी अडवणार नाही. चार लाखांची गाडी आठ लाखांना पडते हे त्याने आधीच धरून चालावे, म्हणजे मनस्ताप होत नाही. मला झाला, कारण मला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या पुढच्या पुरवणीत अशा गाड्यांवर पुन्हा लेख येणार असेल तर किमतीच्या शेजारी दोन वर्षांच्या दुरुस्तीचा खर्चही छापावा, अशी विनंती आहे. त्यासाठी माझी वही उपयोगी पडणार असेल तर आपल्या कार्यालयात आणून देईन. पाइपाच्या पानावर ग्रीसचे डाग आहेत, त्याबद्दल राग नसावा.

कळावे.

आपला,
एक वर्गणीदार वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर